एक कागद पोहोचवायचा, एक टन एकदाच मोजायचा

माझ्या आत्याच्या कपाटात खालच्या खणात एक कापडी पिशवी असते. तिच्या मधुमेहाचे आणि मूत्रपिंडाच्या विकाराचे गेल्या अकरा वर्षांतले सगळे कागद तिच्यात आहेत: डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्त-लघवीचे अहवाल, शाई उडून पांढरे पडत चाललेले ईसीजी. दोन वर्षांपूर्वी तिला तालुक्याच्या दवाखान्यातून तातडीने शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले आणि त्या धावपळीत पिशवी घरीच राहिली. तिथल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासले, ते वाढलेले निघाले, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: हे आत्ताच वाढले आहे की हळूहळू वाढत आले आहे? उत्तरावर पुढचे सगळे उपचार ठरणार होते, कारण मूत्रपिंड अचानक बंद पडत असेल तर धावपळ वेगळी आणि वर्षानुवर्षे झिजत आले असेल तर वेगळी. तालुक्यातल्या प्रयोगशाळेच्या संगणकात तिचे जुने सगळे आकडे होते, पण ते शहरातल्या संगणकापर्यंत पोहोचण्याची कोणतीही सोय नव्हती. शेवटी आतेभावाने गावी जाऊन पिशवी उघडली, एकेका कागदाचा फोटो काढून पाठवला, आणि त्यात सहा तास गेले.

ही झाली एक अडचण: माहिती आहे, पण ती हवी तिथे आणि हव्या त्याच माणसापर्यंत जात नाही. याच्या अगदी उलट स्वभावाची दुसरी अडचण कार्बन क्रेडिटच्या बाजारात असते. तिथे माहिती सर्वांना दिसली पाहिजे, आणि एक टन कर्बवायू वाचवल्याचे श्रेय दोघांनी घेता कामा नये. एकीकडे गोपनीयता राखून वाटप करायचे आहे, दुसरीकडे उघड्यावर ठेवून दुबार वापर रोखायचा आहे. दोन्हीकडे मूळ प्रश्न मात्र एकच आहे. एकमेकांवर पूर्ण विश्वास नसलेल्या अनेक संस्थांना एकच नोंद मान्य करायची असते आणि मधला संगणक कोणाच्याही बाजूने झुकत नाही याची खात्री प्रत्येकाला हवी असते. ही खात्री देण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, असे माझे मत आहे. ते कसे काम करते आणि कुठे अपुरे पडते, हे या लेखात सांगायचे आहे.

आधी शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. संगणकाला काय करायचे ते सांगणाऱ्या सूचना माणसे लिहितात, त्यांना आज्ञावली किंवा कोड म्हणतात. बहुतेक कंपन्या ही आज्ञावली गुपित ठेवतात आणि फक्त चालणारे तयार सॉफ्टवेअर विकतात. मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये ती आज्ञावली कोणालाही वाचता येते, तपासता येते, स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलता येते आणि पुढे देता येते, आणि हे हक्क परवान्यात लेखी दिलेले असतात. मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे. ते बसवायला, चालवायला आणि सांभाळायला माणसे लागतात आणि त्यांना पगार द्यावा लागतो. फरक इतकाच की पैसे देऊनही आपण एका विक्रेत्याच्या दावणीला बांधले जात नाही.

आरोग्याच्या संदर्भात मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, की आज्ञावली सर्वांना उघडी असेल तर माझे रिपोर्टही सर्वांना दिसणार का? नाही. कुलूप आतून कसे असते, त्यातल्या खिट्या किल्लीने कशा उचलल्या जातात, हे कोणीही शिकू शकतो, पण म्हणून तुमच्या घराचे कुलूप कोणालाही उघडता येत नाही, कारण तुमची किल्ली तुमच्याजवळ असते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्येच सांकेतिक लेखनाविषयी हे तत्त्व मांडले होते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. आज बँकेपासून मोबाइलवरच्या संदेशांपर्यंत सगळी कूटलेखन पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

आता आरोग्याकडे वळू. दोन रुग्णालयांच्या संगणकांना एकमेकांशी बोलायचे असेल तर त्यांना प्रथम एक भाषा लागते. एका ठिकाणी हिमोग्लोबिनला ‘एचबी’ लिहिलेले असते, दुसरीकडे ‘हिमोग्लोबिन’, तिसरीकडे ते सीबीसीच्या लांब अहवालात कुठेतरी असते. माणसाला तिन्ही एकच आहेत हे कळते, संगणकाला कळत नाही. मापाचे एककही बदलते. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. उपाशीपोटी १२६ हा आपला आकडा तिकडे ७ होतो. केवळ ‘७’ असे लिहून आले आणि सोबत एकक आले नाही, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस कागदावर बेशुद्धावस्थेतला ठरेल. म्हणून प्रत्येक तपासणीला जगभर एकच क्रमांक असावा या हेतूने लॉइंक नावाची सूची तयार झाली. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस येथील रिजेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ मध्ये तिची सुरुवात केली. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा तिथला क्रमांक ७१८-७ आहे. प्रयोगशाळा नाशिकची असो वा नैरोबीची, ७१८-७ म्हणजे तेच.

क्रमांक ठरले, आता पत्राचा नमुना हवा. एचएल-७ या आरोग्य-माहितीचे नमुने ठरवणाऱ्या, १९८७ पासून काम करणाऱ्या मानक संस्थेत ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ मध्ये एक नवी कल्पना मांडली, जी पुढे एफएचआयआर या नावाने ओळखली गेली. या आद्याक्षरांचा उच्चार ‘फायर’ असा करतात. त्यात रुग्ण, तपासणी, निदान, औषधाची चिठ्ठी अशा प्रत्येक गोष्टीचा एक ठराविक छोटा नमुना असतो आणि इंटरनेटवरच्या साध्या पानासारखा तो मागवता येतो. या मानकावर कोणतेही शुल्क नाही आणि कोणाची मालकीही नाही, म्हणजे ते खेड्यातला एखादा दवाखानाही वापरू शकतो. जुनी मानके पैसे भरून विकत घ्यावी लागत असत, आणि छोट्या संस्थांना तिथेच अडखळायला होई.

पण मानक म्हणजे नुसता नियम. तो पाळणारे सॉफ्टवेअर दवाखान्यात असायला हवे, आणि इथे मुक्तस्रोताची कथा खरोखर सुंदर आहे. केनियातल्या एल्डोरेट शहरात एचआयव्ही रुग्णांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि तिथली छोटी संगणकीय नोंदपद्धत त्या भाराखाली वाकली होती. २००४ मध्ये रिजेनस्ट्रीफ संस्थेचे बर्क मॅमलिन आणि पॉल बायोंडिच हे दोन डॉक्टर तिथे गेले आणि त्यांनी नव्याने आखणी केली. तीच ओपनएमआरएस. तिच्या गाभ्याशी एक शब्दकोश आहे. दवाखान्यात विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न आणि त्याची शक्य ती उत्तरे ही त्या कोशातली एकेक नोंद असते, त्यामुळे नवी तपासणी सुरू झाली की प्रोग्रॅमरला बोलवावे लागत नाही. डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचारी कोशात एक नोंद वाढवतो आणि फॉर्म तयार होतो. साधी वाटणारी ही रचना मला फार मोलाची वाटते, कारण प्रत्येक बारीकसारीक बदलासाठी बाहेरच्या कंपनीची वाट पाहताना किती योजना अर्ध्यावर मरतात हे मी जवळून पाहिले आहे.

याच ओपनएमआरएसच्या पायावर भारतात बाह्मनी ही रुग्णालयासाठीची प्रणाली उभी राहिली. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांनी चालवलेली संस्था आहे. दूरदूरच्या आदिवासी खेड्यांतून लोक तिथे येतात. त्यांच्या फायली शोधायच्या, प्रयोगशाळेचे निकाल त्यात लावायचे, औषधांचा साठा पाहायचा, बिल करायचे, ही सगळी कामे वेगवेगळ्या वह्यांत होत असत. थॉटवर्क्स या कंपनीतल्या अभियंत्यांनी या रुग्णालयासाठी तीन तयार मुक्तस्रोत प्रणाली एकत्र गुंफल्या: रुग्णाच्या नोंदीसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, आणि बिल व औषधांसाठी ओडू. शून्यातून सुरुवात करावी लागली नाही, हे विशेष. केनियात सुरू झालेले काम छत्तीसगडला उपयोगी पडले, आणि गनियारीत घडलेले पुढे इतर अनेक देशांतल्या रुग्णालयांनी उचलले. गुपित आज्ञावलीत ही साखळी घडू शकली नसती.

या सगळ्यात आकडेवारीची आणखी एक पातळी असते, ज्यात कोणाचे नाव नसते: या महिन्यात किती बाळंतपणे झाली, किती मुलांना लस मिळाली. त्यासाठी डीएचआयएस-२ नावाची प्रणाली जगभर वापरली जाते. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेत, सांभाळ नॉर्वेतल्या ऑस्लो विद्यापीठाकडे, आणि राज्य पातळीवर ती प्रथम वापरली गेली २००६ मध्ये आपल्या केरळात.

रुग्णालयांच्या आत नोंदी आल्या, तरी त्या एकमेकांपर्यंत नेण्याचा रस्ता हवा. भारतात तो रस्ता म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत ते आधी राबवून पाहिले, आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर सुरू झाले. ‘आभा’ हा आरोग्य-ओळखीचा चौदा अंकी क्रमांक बहुतेकांनी ऐकला आहे. अनेकांचा समज असा आहे की आभा काढला म्हणजे आपले सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या कोणत्यातरी मोठ्या संगणकात जमा होतात. या योजनेची रचना तशी नाही. रिपोर्ट ज्या रुग्णालयात तयार झाला तिथेच राहतो. मध्यभागी असतो तो फक्त संमती सांभाळणारा एक दुवा.

हे नेमके कसे घडते ते आत्याच्याच उदाहरणाने पाहू. समजा तालुक्यातल्या प्रयोगशाळेने तिचे अहवाल तिच्या आभाशी जोडलेले आहेत. शहरातल्या डॉक्टरांनी मागणी केली की तिच्या मोबाइलवर एक विनंती येते. त्या विनंतीत पाच गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात: माहिती कोण मागत आहे, कशासाठी मागत आहे, कोणत्या प्रकारची हवी आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची हवी आहे, आणि ही परवानगी कधी संपेल. आत्या म्हणू शकते की तपासणी अहवाल द्या, पण जुन्या बाह्यरुग्ण सल्ल्याच्या नोंदी नको. गेल्या तीन वर्षांचे द्या, आधीचे नको. तिने होकार दिला की त्या होकाराचा एक डिजिटल सही केलेला लेख तयार होतो आणि तो तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे जातो. प्रयोगशाळा तो लेख तपासते आणि मगच अहवाल पाठवते. अहवाल पाठवताना तो कूटबद्ध केलेला असतो. त्यासाठी दोन्ही टोकांचे संगणक त्या एका देवाणघेवाणीपुरत्या किल्ल्या तयार करतात, म्हणून मधल्या दुव्याला पाकीट उघडून वाचता येत नाही. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.

या रस्त्याचे नियम आणि तांत्रिक मसुदे सार्वजनिक आहेत, अहवालांचा नमुना एफएचआयआरचाच आहे, आणि या रस्त्याला जोडून घेणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ही योजना राबवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने आणि इतरांनीही खुले केले आहे. बाह्मनी या रस्त्याला जोडली गेली आहे. पण नियम सार्वजनिक असणे आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली सार्वजनिक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि नागरिक म्हणून आपण दुसरीचाही आग्रह धरला पाहिजे. एस्टोनियाने या बाबतीत एक पायंडा पाडला आहे. तिथे २००१ पासून सरकारी माहितीची, आणि पुढे आरोग्यविषयक माहितीचीही, देवाणघेवाण एक्स-रोड नावाच्या जाळ्यातून चालते. २०१६ मध्ये त्याचा गाभा मुक्तस्रोत केला गेला, आणि पुढे फिनलंड व एस्टोनियाने तो सांभाळण्यासाठी मिळून एक संस्था स्थापन केली. तिथल्या माणसाला आपली आरोग्याची नोंद कोणी, कधी उघडून पाहिली हे स्वतः बघता येते. माझ्या मते संमती मागण्याइतकीच ही सोय महत्त्वाची आहे, कारण संमती आपण घाईत, आजारपणात, कधी कधी न वाचताच देतो, पण नंतर शांतपणे हिशेब पाहू शकतो.

आता कार्बनकडे. एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तितकीच उष्णता धरून ठेवणारा दुसरा वायू, हवेत जाऊ दिला नाही किंवा हवेतून काढून घेतला, याची नोंद. कोणी जंगल राखतो, कोणी लाकूड कमी जाळणारी चूल वाटतो, कोणी कारखान्याची भट्टी सुधारतो. तपासनीस येऊन मोजमाप पडताळतो, नोंदवही चालवणारी संस्था तितकी क्रेडिट देते, आणि एखादी कंपनी ती विकत घेऊन आपल्या प्रदूषणासमोर मांडते. मांडून झाले की ते क्रेडिट निकाली काढायचे असते, म्हणजे ते पुन्हा विकता येऊ नये. सगळ्या व्यवहाराचा जीव या एका शेवटच्या पायरीत आहे.

ती पायरी कशी निसटते, हे मार्च २०१० मध्ये युरोपने पाहिले. हंगेरीतल्या कंपन्यांनी आपल्या प्रदूषणाच्या बदल्यात क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान करारातली क्रेडिट सरकारकडे जमा केली होती. युरोपच्या बाजारापुरता त्यांचा वापर तिथे संपला होता. परंतु क्योटो कराराच्या वेगळ्या हिशेबात सरकारला तीच क्रेडिट दुसऱ्या प्रकारच्या परवान्यांशी अदलाबदल करून विकता येत होती, आणि हंगेरीने सुमारे २० लाख क्रेडिट विकली. ती युरोपबाहेर जातील अशी अपेक्षा होती. मध्यस्थांच्या हातांतून फिरत त्यातली काही पॅरिसच्या ब्लूनेक्स्ट बाजारात पुन्हा विक्रीला आली. जिथे ती एकदा वापरून झाली होती तिथेच ती नवी म्हणून विकली जात होती. घेणाऱ्यांना कळेना की आपल्या हातातले क्रेडिट ताजे की वापरलेले, आणि त्या बाजारातले व्यवहार काही दिवस थांबवावे लागले. हंगेरीने क्योटोचा नियम मोडला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दोन वह्यांमधले नियम वेगळे होते आणि एका वहीत मारलेला शिक्का दुसऱ्या वहीत दिसत नव्हता.

आपल्याला ही गोष्ट समजायला सातबारा पुरेसा आहे. जमीन विकली गेली की तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदवला जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक सातबारावर चढतो. सातबारावरच्या प्रत्येक नावामागे एक फेरफार असतो आणि त्यामागे आधीचा. एखादा फेरफार मध्येच खोडून बदलला तर साखळी जुळत नाही. आता अशी कल्पना करा की एकाच शिवारातल्या जमिनीच्या नोंदी पाच वेगवेगळ्या दप्तरांत आहेत आणि ती दप्तरे एकमेकांना पाहत नाहीत. तोच तुकडा दोन ठिकाणी विकला जाणे मग अवघड राहत नाही. कार्बनच्या जगात दप्तरे खरोखरच अनेक आहेत: व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड यांसारख्या खासगी संस्थांची, संयुक्त राष्ट्रांची, आणि आता देशोदेशींच्या सरकारांची.

ही दप्तरे जोडण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये क्लायमेट ॲक्शन डेटा ट्रस्ट सुरू झाला. जागतिक बँक, उत्सर्जन व्यापारातली एक आंतरराष्ट्रीय संघटना आणि सिंगापूर सरकार यांनी तो उभारला. त्याचे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे आणि ते चिया नावाच्या ब्लॉकचेनवर चालते. ब्लॉकचेन या शब्दाभोवती फार धूळ उडालेली आहे, म्हणून तिचे इथले काम साध्या शब्दांत सांगतो. प्रत्येक नोंदवही आपले तक्ते स्वतःकडेच ठेवते आणि इतरांना वाचायला देते. साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनवर, चढतो तो त्या तक्त्यांचा फक्त ठसा. हा ठसा म्हणजे मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेला एक ठराविक लांबीचा आकडा असतो. मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्णपणे बदलतो, आणि ठशावरून मजकूर उलट काढता येत नाही. साखळीच्या प्रत्येक नव्या पानावर मागच्या पानाचा ठसा असतो, अगदी फेरफाराच्या क्रमांकासारखा. त्यामुळे कोणी जुनी नोंद गुपचूप बदलली तर ज्याच्याकडे प्रत आहे त्या प्रत्येकाला ते कळते. या ट्रस्टवर खरेदी-विक्री होत नाही. कोणता प्रकल्प कोणत्या वहीत आहे, त्याची किती क्रेडिट दिली गेली आणि किती निकाली निघाली, एवढेच तिथे पाहायला मिळते, आणि तेच हवे होते.

इथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. हीच साखळी रुग्णांच्या नोंदींसाठी वापरावी असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. रुग्णाचा अहवाल अशा साखळीवर ठेवणे चूक आहे, कारण जे पुसता येत नाही ते आरोग्याच्या बाबतीत धोक्याचे असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ माणसाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो. कार्बनच्या नोंदीचे बळ तिच्या न पुसण्यात आहे, तर रुग्णाच्या नोंदीचे बळ माणसाच्या ताब्यात राहण्यात आहे.

भारतातही हा बाजार आता कायद्याने उभा राहतो आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २८ जून २०२३ रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. योजनेचा कारभार ऊर्जा दक्षता ब्युरोकडे, नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे आणि व्यवहारांवर देखरेख केंद्रीय विद्युत नियामक आयोगाकडे आहे. तिचे दोन भाग आहेत. ठरावीक उद्योगांना प्रत्येक टन उत्पादनामागे किती उत्सर्जन चालेल याचे लक्ष्य दिले जाते. त्यापेक्षा चांगले काम करणाऱ्यांना प्रमाणपत्रे मिळतात आणि मागे पडणाऱ्यांना ती विकत घ्यावी लागतात. ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (म्हणजे क्लोरीन व कॉस्टिक सोडा) आणि कागद हे यातले पहिले उद्योग. दुसऱ्या भागात लक्ष्य नसलेलेही स्वेच्छेने प्रकल्प नोंदवू शकतात, आणि शेती व वनीकरणाचे प्रकल्प मुख्यतः तिथेच येतील.

मोजमापाच्या सूत्रात आज्ञावली उघडी असण्याचे महत्त्व कसे दिसते, हे चुलीच्या उदाहरणात स्पष्ट होते. सुधारित चुलीमुळे एका घरात वर्षाला दोन टन लाकूड कमी जळले असे समजू. एक टन लाकूड जाळल्यावर सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे दोन टनांचा साडेतीन टन. परंतु हे सगळे मोजायचे नसते. तोडलेल्या जागी झाड पुन्हा उगवत असेल तर तो वायू परत शोषला जातो. म्हणून तोडलेल्या लाकडापैकी परत न उगवणारा वाटा किती, हा एक गुणक सूत्रात घालतात. तो ०.९ धरला तर या घराला वर्षाला तीन क्रेडिट मिळतात, ०.३ धरला तर एकच. घर तेच, चूल तीच, वाचलेले लाकूडही तेच, आणि श्रेय मात्र तिप्पट. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांच्या अभ्यासात, तपासलेल्या चूल प्रकल्पांना सरासरी नऊ पटींहून अधिक क्रेडिट दिले गेल्याचे आढळले, आणि या गुणकाचा त्यात मोठा वाटा होता. सूत्र आणि त्यात घातलेले आकडे एखाद्या सल्लागाराच्या बंद एक्सेल फाइलमध्ये असतील तर हे कोणाला दिसणार? गार्डियन नावाचे एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर नेमके हेच काम करते. मोजणीची संपूर्ण पद्धत त्यात आज्ञावलीच्या रूपात लिहिली जाते आणि प्रत्येक क्रेडिटपासून मागे जात, कोणत्या आकड्यावरून ते निघाले इथपर्यंत पोहोचता येते.

तरीही मुक्तस्रोताकडून भलती अपेक्षा ठेवू नये. आज्ञावली उघडी असली की हिशेब प्रामाणिक आहे की नाही हे कळते, पण मोजमाप प्रामाणिक होते की नाही हे तिला कळत नाही. चूल कोपऱ्यात पडून आहे आणि शेजारी जुन्या तीन दगडांवर भात शिजतो आहे, हे कोणत्याही साखळीला दिसत नाही. रक्ताच्या दोन नळ्यांवरची लेबले अदलाबदल झाली तर एफएचआयआर तो चुकीचा आकडाही तितक्याच नीटपणे पोहोचवेल. शिवाय उघडी आज्ञावली वाचणारा कोणीतरी असावा लागतो. इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांचे कूटलेखन ज्यावर अवलंबून होते त्या ओपनएसएसएल या मुक्तस्रोत प्रणालीत एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा गंभीर दोष सापडला. दोन वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. एवढी जबाबदारी पेलणाऱ्या त्या प्रकल्पाकडे पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळजवळ एकच होता. सरकारने मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारली आणि तिच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात ओळ ठेवली नाही, तर हाच धोका आपण ओढवून घेऊ.

ज्यांच्या हाती हे आत्ताच आले आहे त्यांच्यासाठी दोन कामे. आभा असलेल्यांनी ॲपमधला संमतींचा भाग एकदा उघडावा, कोणाला काय देऊन ठेवले आहे ते पाहावे, आणि ज्याची मुदत किंवा गरज संपली आहे ती परवानगी काढून घ्यावी. आणि गावोगावी शेतकऱ्यांकडे आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे बांधावरच्या झाडांचे किंवा जमिनीतल्या कर्बाचे करार घेऊन येणाऱ्यांना सही करण्यापूर्वी विचारावे: प्रकल्प कोणत्या नोंदवहीत आहे आणि त्याचा क्रमांक काय, मोजणीची पद्धत कोणती आणि ती वाचायला कुठे मिळेल, आमच्या शेताचे आकडे आम्हाला दाखवणार का, क्रेडिट कोणाच्या नावावर निघणार, आणि झाड किती वर्षे तोडायचे नाही. क्रमांक सांगता येत नसेल तर करार घरी ठेवून घ्यावा, आणि सही पुढच्या भेटीवर ढकलावी.